मागची बाजू एर्मेसची

एर्मेस बोर्सातीने आयुष्यात एकही शर्यत मारली नाही. मारणार कशी? कार्टच्या, म्हणजे त्या बुटक्या उघड्या रेसगाडीच्या, सीटवर तो कधी बसलाच नाही. बेचाळीस वर्षं त्याने एकच काम केलं, धाकट्या भावाची, देलिओची, कार्ट मागून ढकलली. हे काय काम झालं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आधी एकदा ढकलून बघावं आणि मग तोंड उघडावं. जुन्या कार्टला ना क्लच, ना बटण. भाऊ आत बसलेला असताना तिचं मागचं टोक दोन्ही हातांनी उचलायचं, तसंच पळत सुटायचं, वेग आला की चाकं खाली सोडायची आणि इंजिन धरेपर्यंत जीव खाऊन रेटत राहायचं. इंजिनाने धरलं की गाडी हातातून निसटायची आणि एर्मेस मागून ओरडायचा, "जा रे!" त्याची बायको तुल्लिया म्हणायची, लग्नातसुद्धा हा बाबा इतका खुलला नव्हता.

आठवडाभर तो लुमेत्सानेच्या नळांच्या कारखान्यात पितळ घासायचा आणि रविवारी तळ्याच्या खालच्या अंगाच्या ट्रॅकवर हजर. देलिओ बक्षीस घ्यायला वर चढला की हा खाली हेल्मेट धरून उभा. चषक सगळे देलिओच्या कपाटात, घट्टे सगळे एर्मेसच्या तळहातांवर. पण त्याने कधी कुरकुर केली नाही. देलिओच्या गाडीची मागची बाजू एर्मेसची, हे अख्ख्या ट्रॅकला ठाऊक होतं.

पुढे जुन्या इंजिनांची माणसं कमी होत गेली. कुणी गेलं, कुणाची कंबर गेली. सहाच गाड्या उरल्या तेव्हा क्लबने त्यांना बटण दाबून सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांच्या, बटणवाल्यांच्या, शर्यतीत घातलं आणि रोजची भांडणं सुरू झाली. नवी इंजिनं पाण्यावर थंड होणारी, ती एका जागी थांबवली की तापायची. जुनी हळू चालवली की प्लग तेलकट होऊन गुदमरायची. त्यांना थांबणं सोसेना, यांना रेंगाळणं. सरळ रस्त्याला नव्या गाड्या पुढे पळायच्या आणि वळण आलं की हलक्या जुन्या गाड्या त्यांच्या अंगावर. मग वजन वाढवायला नव्यांना शिशाच्या पट्ट्या बांधल्या, तर त्यांनी ट्रॅक डोक्यावर घेतला. दोन पट्ट्या काढल्या, तर जुन्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. क्लबच्या ओर्नेल्लाबाईंनी शेवटी हात टेकले आणि एक नियम मात्र पक्का केला. जुन्या गाडीला सुरू व्हायला दोन मिनिटं. तेवढ्यात झाली नाही तर बाकीचे निघणार.

"दोन मिनिटं?" एर्मेस हसला होता. "मला वीस सेकंद पुरे. उरलेल्या वेळात तुम्हाला कॉफी आणून देतो, बाई."

गेल्या ऑक्टोबरात देलिओने अकरा वर्षांनी सुटण्याच्या रांगेतली पहिली जागा पटकावली. सगळ्या बटणवाल्यांच्या पुढे! एर्मेसला तर आभाळ ठेंगणं झालं. छातीत अधूनमधून कळ यायची, डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं, गोळ्या पान्यांच्या डब्यात लपवलेल्या होत्या. पण अशा दिवशी कुणाला ते आठवतं! त्याने गाडी उचलली, दहा पावलं पळाला आणि श्वासच पुरेना. चाकं लवकर सुटली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"अहो आजोबा, पास्ता टाका आता, आमचं पाणी उकळलं!" मागून मिर्को नावाचा बटणवाला ओरडला. दोघंतिघं हसले.

एर्मेसने पुन्हा उचलली. या खेपेला गुडघेच मोडले. तो रस्त्यावर हात टेकून बसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी तेवीस गाड्या निघून गेल्या. पहिल्या जागेवर देलिओ एकटाच उरला.

देलिओने हेल्मेट काढलं. "काय झालं रे?"

"प्लग भिजला," एर्मेस धापा टाकत म्हणाला. "तुझं कार्बुरेटरच धड लावलेलं नाही. मी काय डोंबल करणार?"

देलिओ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हं. प्लगच असेल."

मार्चमध्ये देलिओने नवं इंजिन आणलं. क्लचचं, बटणाचं. एर्मेसला गॅरेजमध्ये बोलावून दाखवलं.

"जुन्याचा प्लग भिजतो," देलिओ म्हणाला. "तूच म्हणालास ना?"

प्लग भिजला नव्हता म्हणावं तर छातीचं सांगावं लागणार. स्वतःच्याच शब्दांनी त्याचं तोंड बंद झालं. "छान आहे," एवढंच म्हणून तो घरी आला आणि सहा आठवडे त्याने भावाचा फोन उचलला नाही.

"एक शर्यत!" तो तुल्लियापुढे ताटावर हात आपटून म्हणायचा. "एका शर्यतीपायी बेचाळीस वर्षं विसरला हा माणूस. आता मी त्याचा कोण? बघ्या!" समोरचा मक्याच्या पिठाचा पोलेंता निवून घट्ट व्हायचा. तुल्लिया मान खाली घालून ताट उचलायची.

एप्रिलच्या पहिल्या शर्यतीला जायचं नाही, असं त्याने दहा वेळा ठरवलं आणि गेला. तंबूत मात्र पाऊल टाकलं नाही. बंद पडलेल्या गाडीसाठी ढकलणारे जिथे थांबतात तिथेच, उलट फिरणाऱ्या वळणावर टायरांच्या रांगेमागे तो उभा राहिला. तिथे आता तो एकटाच होता. बाकीच्या जुन्या गाड्या या वर्षी आल्याच नाहीत.

देलिओ सातवा चालला होता. पाचव्या फेरीला मिर्कोने त्याला आतून धडक दिली, गाडी गर्रकन फिरली आणि गवताच्या कडेला बंद पडली. देलिओने हात वर केला. बेचाळीस वर्षं तो हात म्हणजे 'ये'. एर्मेसला बटण आठवलं नाही, डॉक्टर आठवले नाहीत. टायर ओलांडून तो धावत सुटला. धोक्याचा पिवळा झेंडा हलवणारा बोंबलत होता, "मागे व्हा! मागे व्हा, आजोबा!" दहा पावलं राहिली, पाच राहिली. एर्मेस वाकला, हात पुढे केले.

देलिओने हात खाली घेतला आणि बटण दाबलं. इंजिन सुरू झालं आणि गाडी निघून गेली. एर्मेस तसाच वाकलेला, हात पुढे. कठड्यावरची माणसं बघत होती. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

शर्यत संपल्यावर तो गुपचूप निघाला होता. देलिओने व्हॅनजवळ त्याला अडवलं.

"टायरांमागे तू दिसलास म्हणून मी 'थांब' असा हात केला होता, गाढवा! अजून दोन सेकंद थांबलो असतो तर तू गाडी उचलली असतीस."

"उचलायलाच आलो होतो!"

"ऑक्टोबरमध्ये तुझे ओठ निळे पडले होते, एर्मेस. रात्री मी तो प्लग काढून बघितला. कोरडा ठणठणीत होता. मग तुल्लियाला फोन केला, तिने गोळ्यांचं सांगितलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू काय म्हणाला असतास?"

"ढकलतो म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही बोललो."

"मला विचारायचं तरी होतंस रे!" एर्मेसचा आवाज फाटला. सत्तरीला टेकलेला माणूस, भर वाहनतळावर भावासमोर रडला. त्याला राग करायला आता कुणी उरलं नव्हतं. भाऊ वाईट वागला, या रागावर सहा आठवडे निभावले होते. भाऊ चांगलाच वागला होता, आणि तरी ते काम गेलं ते गेलंच. देलिओही डोळे पुसत होता.

शेवटी कार्ट व्हॅनमध्ये चढवायची वेळ आली. एर्मेस सवयीने मागच्या बाजूला गेला, इंजिनाच्या जड बाजूला. देलिओ आधीच तिथे वाकून उभा होता.

"तू पुढून धर," तो मान वर न करता म्हणाला.

एर्मेस वळसा घालून पुढे गेला, वाकला आणि नेहमीसारखं त्यानेच मोजलं, "एक, दोन, तीन."

पुढच्या बाजूला काही वजनच नव्हतं.