मार्थामावशीचं सासर

छावणीतल्या गोऱ्या शिपायांच्या जुन्या कबरस्तानात एक उंच दगडी खांब आहे. त्याच्यासमोरून जाताना मार्थामावशी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायची. हातात कोंबड्यांच्या दाण्याचं टोपलं असो की ओले कपडे, पदर आधी. मी पहिल्यांदा तिच्याकडे गावरान अंडी घ्यायला गेले, तेव्हा हे बघून चक्रावलेच.

"मामंजी हायेत," ती हळूच म्हणाली.

तिचे खरे सासरे या कबरस्तानाचे राखणदार. देवगाव रंगारीहून ही नवी नवरी फाटकाजवळच्या खोलीत आली, त्या दिवशी त्यांनी तिला सगळ्या कबरींपुढून फिरवलं आणि बजावलं, "पोरी, हे समदे आपले वडीलधारे. ह्यांना उघड्यावर टाकून जायचं नाय." उंच खांब म्हणजे घरातला थोरला, हे हिनं आपलं आपणच ठरवलं. पुढे सासरे गेले, नवरा गेला, राखणदारी हिच्या गळ्यात पडली. "लई भरलेलं सासर हाय ताई माझं, पण एक जण चहाला उठत नाय," असं ती हसत सांगायची. ते हसू फार टिकायचं नाही.

कारण तिला तिथून निघायचं होतं, अगदी मनापासून. दिवस मावळला की ती फाटकाला आतून कुलूप घालायची आणि गजांना धरून रस्ता बघत उभी राहायची. "किल्ली माझ्याच कमरेला, अन् कोंडलेली बी मीच." लेक रिबका शेंद्र्याला कारखान्यात लागली, तिनं दोन खोल्या घेतल्या. बाजारावर उघडणारी खिडकी. त्या खिडकीचं मावशीला भारी वेड. "म्हातारपणी चालती-बोलती माणसं दिसावी, बास." पत्र्याची पेटीसुद्धा तिनं भरून ठेवली होती, वर नवी चादर घालून. पण रिबका न्यायला आली की हिचं ठरलेलं, "मामंजींना कसं इचारू?"

शेवटी रिबका रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. "काकू, तुम्हीच समजवा. जित्या लेकीपेक्षा मेलेला सासरा जड झालाय हिला."

दरवर्षी नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला की मावशी सगळ्या कबरींना चुना लावायची. त्यानं खांबावरची इंग्रजी अक्षरं पार बुजली होती. बघू तरी हे मामंजी कोण, म्हणून मी चमच्याच्या दांड्यानं चुना खरवडायला बसले. पलटणीतल्या सोबत्यांनी वर्गणी काढून तो खांब उभारला होता. ज्याच्यासाठी उभारला, तो शिपाई तापानं गेला होता. वय एकोणीस.

मला आनंदच झाला. सुटली बाई एकदाची, असं वाटलं.

"अगं मावशी, पदर कसला घेतेस? तुझ्या रिबकापेक्षा लहान पोरगं आहे हे!"

तिचा पदर खांद्यावर घसरला. तिनं तो सावरला नाही. "एकोणीस? मिशी तरी फुटली असंल का?" मग तिनं विचारलं, "तापात आई व्हती का जवळ?"

"आई तिकडे साता समुद्रापार. कुठली असणार?"

मावशी खांबाच्या पायरीवर बसली. मी खरवडलेल्या अक्षरांवरून तिनं तळहात फिरवला, तापलेल्या कपाळावरून फिरवावा तसा.

"काय केलंत हे, ताई? सासऱ्याला इचारून नायतर न इचारता, कधीतरी गेले असते मी. आता एवढ्याशा लेकराला टाकून कशी जाऊ?"

त्या आठवड्यात पेटीतली चादर तिनं रिबकाला देऊन टाकली.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. त्या कबरस्तानात नव्या माणसाला जागा नाही, म्हणून तिला शहराबाहेरच्या दफनभूमीत न्यायचं ठरलं. गाडी सुरू झाली होती. रिबकानं फाटक ओढलं, बाहेरून कुलूप अडकवलं आणि किल्ली तशीच हातात धरून ती गजांतून खांबाकडे बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "पोरगं एकटं पडलं की हो."