बकुळामावशीचं नाव

ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही आमच्या कामशेतचे नाही, सुलीला ओळखत नाही — एवढंच असेल.

सुली माझी शाळेपासूनची मैत्रीण, पवना धरणाकडच्या गावातली. सुट्टी लागली की मी तिच्याकडे पळायचे. खरं सांगू? तिच्यापेक्षा तिच्या आईसाठी. बकुळामावशी चुलीवर निरगुडीचं तेल कढवायची, आम्हा दोघींची डोकी आळीपाळीनं मांडीवर घ्यायची आणि कपाळ चोळत बसायची. माझी आई वाईट नव्हती हो, पण तिचा हात कधी माझ्या डोक्यावरून फिरला नाही. मावशीचा फिरला. तो हात मला अजून हवाय — चाळिशी उलटली तरी. हसू नका.

मावशी गेली आणि त्या तेलाचा बाम करायचं सुलीच्या मनात आलं. नाव तिनंच ठेवलं, 'बकुळा'. कढई तिची, परवान्याची धावपळ माझी, कारण मी फार्मसी शिकलेली, तळेगावात औषधांच्या ट्रेडमार्कचीच कामं करणारी. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांत डब्या ठेवल्या आणि बाम लागला की खपायला! लोक मात्र म्हणायचे, "सुलीच्या आईचा बाम." मग, दुसरं काय म्हणणार? तिचीच आई ती. तरी मला बोचायचं.

नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा सुली म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? तू हाईस न्हवं." होतेच की मी. अर्जात मालक म्हणून मी माझं एकटीचं नाव घातलं. घाईत राहून गेलं, असं म्हणता येईल — पण राहून नव्हतं गेलं. मला वाटलं, निदान कागदावर तरी मावशी माझी असू दे.

असा अर्ज सरकारच्या जर्नलमध्ये छापतात, आणि कुणाची हरकत येते का म्हणून चार महिने थांबतात. आता सुलीच्या गावात ते जर्नल कोण वाचतंय? ते चार महिने मी दर रविवारी तिच्याकडे जेवले. इंद्रायणीचा वाफाळता भात, सुकटीची चटणी. घास अडकला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे! भात मागून घेतला मी.

पुढे एका कंपनीनं ते नाव मागितलं आणि मी विकून टाकलं. सुलीला सांगितलं, आपला अर्ज मागे पडला, त्यांचं आधी झालं. मग तिला त्यांच्या वकिलाची नोटीस आली — 'बकुळा' हे नाव वापरायचं बंद करा. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. ती नोटीस घेऊन ती आली माझ्याकडेच. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

"माज्या आईचं नाव मीच लावायचं न्हाई, व्हय गं?"

आणि मी — हे सांगायलाच इतका वेळ आढेवेढे घेत होते — मी म्हणाले, हरकतीची मुदत गेली गं, आता काही होत नाही. साफ खोटं. आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क मुदतीनंतरही राहतो, नोंदणी रद्दसुद्धा करून घेता येते. माझं रोजचंच काम ते. फक्त हे नाव मुळात कुणी स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि विकलं, ते मला माझ्या तोंडानं सांगावं लागलं असतं.

सुलीनं कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. मग माझं तोंड उतरलेलं दिसलं तिला. "तू कशापायी जिवाला लावून घेतीस? तू लय पळालीस माज्यासाठी." पिशवीतून तिनं डबी काढली. नावाचा कागद तिनं आधीच खरवडून टाकला होता. माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि कपाळ चोळायला लागली.

हात हुबेहूब मावशीचा. तोच दाब, तोच निरगुडीचा वास.

मी डोळे मिटले. डोकं काढून घेतलं नाही.