आठ मेगाहर्ट्झवरची शांतता

सोमवारी सकाळी माझी पत्नी सुनंदा वारली.

सुतकात माझी दुपारची पाळी संतोषने केली. ठाण्यातल्या ऑफिसातून कंपनीच्या टगबोटींशी रेडिओवर बोलणारे आम्ही दोघेच. तो टिटवाळ्याहून येतो.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो, तर संतोषच्या हातात मेमो. आदल्या दुपारी एका बोटीचं इंजिन बंद पडलेलं. तिचा सॅटेलाइट फोन आधीच नादुरुस्त. कॅप्टन तासभर रेडिओवर हाका मारत राहिला, आमच्याकडून उत्तर नाही. माणसं सुखरूप होती, पण संतोषची नोकरी जायची वेळ आली होती.

"डबल ड्यूटीत झोपला," मॅनेजर देसाई मॅडम म्हणाल्या. "सेट चेक केलाय, ओके आहे. मग राहिलं कोण?"

"मॅडम, जेवलोसुद्धा नव्हतो. झोप कसली येतेय?"

मी त्याला विचारलं, "ऐकू काय येत होतं?"

"काहीच नाही, काका. खरखरसुद्धा गेलेली. सगळे बँड फिरवले. मग सोळा मेगाहर्ट्झ आलं, मग बारा. बोट असते त्या आठवर सगळ्यात शेवटी आवाज आला."

बिघडलेला सेट असा क्रमाने सुधारत नाही. मी कॉम्प्युटरपाशी बसलो.

सौरज्वाला भडकते तेव्हा रेडिओलहरींपासून क्ष-किरणांपर्यंत अनेक तरंगलांबींची प्रारणं बाहेर पडतात. ती प्रकाशाच्या वेगाने, साधारण आठ मिनिटांत पृथ्वीपर्यंत येतात. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात जवळजवळ फरक पडत नाही. क्ष-किरण मात्र कित्येक पटींनी वाढतात. ते वरच्या हवेत अडकतात आणि तिथे विद्युतभारित कण वाढवतात. आमच्या शॉर्टवेव्ह लहरी आकाशातून परतून लांब जातात. अशा वेळी त्या वाटेतच शोषल्या जातात. कमी फ्रिक्वेन्सी जास्त शोषली जाते, म्हणून ती उशिरा सुटते.

"अहो, मी तेव्हा गेटवरच उभी होते," मी हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या. "ऊन रोजच्यासारखंच होतं."

"उन्हात ते दिसत नाही, मॅडम. हे बघा."

उपग्रहाने मोजलेल्या क्ष-किरणांचा आलेख मी उघडला. त्या दुपारी रेघ उभी चढली होती. मॅडमनी वेळ दोनदा ताडून पाहिली.

"म्हणजे मेमो सूर्याला द्यायचा?"

संतोष हसला नाही. मॅडमनी त्याच्या हातातून कागद परत घेतला. "जा, आधी जेवून ये," म्हणाल्या.

बोलणारा ठीक, ऐकणाराही ठीक असेल, तर मधली वाट तपासावी. आणि बोटीवरचा फोन वेळेवर दुरुस्त करावा.

संतोषची नोकरी राहिली. डोंबिवलीच्या घरी आता मी एकटा असतो.