हरवलं नाही, ओढून नेलं

माझी नोकरी सांगितली की लोक एक तर जांभई देतात, नाहीतर उगाच सावरून बसतात. मी केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या कामात आहे. पोलीस ठाण्यांतून गुन्ह्यांचे आकडे येतात, कोर्टांतून निकालांचे येतात, आणि आम्ही कोलकात्यात बसून त्यांचे तक्ते करतो. कुठल्या ठाण्याच्या हद्दीत चोऱ्या किती, हिसकावून नेल्याचे प्रकार किती, माल परत मिळाला किती, खटले पडून किती. आईला हे काम कधी पटलंच नाही. तिचं म्हणणं, तुम्ही चोर पकडत नाही, शिक्षा देत नाही, मग दिवसभर करता काय? मोजतो, असं मी म्हणायची, आणि ती नाक मुरडून गॅसकडे वळायची.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी दोघांना साताऱ्याहून इथे कोलकात्यात, बेहाला भागातल्या माझ्या घरी आणलं. नवरा नोकरीपायी पुण्यात, मुलगी हॉस्टेलवर, म्हणून घरात आम्ही तिघंच. बाबांची उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. डावा हात तेवढा चालायचा. आई पेज भरवायला वाकली की तो हात वर यायचा आणि तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या चिमटीत धरायचा. पेज संपेपर्यंत सोडायचा नाही. आई त्यांना चिडवायची, "चारचौघांत माझ्याकडे बघायची लाज वाटायची ना? आता बरं सोडवत नाही!" बाबांच्या तोंडाची चांगली बाजू हसायची.

एका शनिवारी आई केळफूल आणायला बाजारात गेली. येताना मेट्रोच्या खांबांखालून चालत होती, तर मागून मोटरसायकलवर दोघं आले आणि मागे बसलेल्याने गळ्याला हात घातला. आईने मंगळसूत्र घट्ट धरलं, म्हणून चार पावलं फरफटली. शेवटी दोरा तुटला. वाट्या त्याच्या मुठीत गेल्या आणि काळे मणी रस्त्यावर सांडले. लोक धावून आले, पण ही बाई खाली बसून मणी वेचत होती. ते पदराच्या टोकाला बांधून ती घरी आली, आणि मला एक अक्षर न सांगता सरळ स्वयंपाकघरात गेली. डब्यातून हळकुंड काढलं, हळदीने माखलेल्या दोऱ्यात बांधलं, गळ्यात घातलं. सवाष्णीचा गळा आमच्याकडे रिकामा ठेवत नाहीत. मग बाहेर येऊन तिने मला मानेवरचा वळ दाखवला.

दुपारी बाबांचा हात सवयीने वर आला. वाट्यांच्या जागी हळकुंड लागलं. त्यांनी ते चाचपलं, आणि आईकडे जे बघितलं ते मला अजून विसरता येत नाही. आईने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "ओढून नेलं हो. मी सोडलं नव्हतं."

संध्याकाळी शेजारणीला बाबांजवळ बसवून आम्ही ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो कुठल्या फुटपाथवर, हा. आमच्या रस्त्याची एक बाजू या ठाण्याची आणि दुसरी शेजारच्या. आई अलीकडच्या बाजूला होती, मोटरसायकल पलीकडून आली होती, म्हणजे तुम्ही तिकडे जा, असं त्यांचं गणित. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, कुठल्याही ठाण्याने तक्रार लिहून घ्यायची आणि मग ज्याची हद्द त्याच्याकडे पाठवायची, असा नियम आहे, आणि तुमच्याकडून येणारे आकडे तपासणं हीच माझी नोकरी आहे. हे शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलून गेले.

साहेब वाईट नव्हते. आईला त्यांनी खुर्ची दिली, 'माशीमा', म्हणजे मावशी, म्हणून चहा मागवला. मग आवाज उतरवून म्हणाले, डायरीत नुसती हरवल्याची नोंद करू या. नक्कल लगेच मिळेल. नाहीतर ओळख पटवायला या, कोर्टात या, या वयात कशाला ती दगदग? आमच्याकडेही म्हणतातच की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण मला पुढचं दिसत होतं. हरवलेल्या वस्तूला आमच्या तक्त्यात रकाना नाही. त्या हद्दीत काही घडलंच नाही असं होणार, आणि बैठकीत कुणीतरी म्हणणार, वा, या भागात किती सुधारणा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेवढ्यात त्यांनी लिहायला घेतलेल्या कागदावर माझी नजर गेली. बाबांच्या नावाआधी त्यांनी 'स्वर्गीय' लिहिलं होतं. आईच्या हातात शंखाच्या बांगड्या नाहीत, भांगात सिंदूर नाही, साडी फिकी. इथल्या माणसाने काय समजायचं? आमचं कुंकू त्यांच्या लेखी नुसती टिकली. माझा चेहरा बघून आईने विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. आईने पदराखालचं हळकुंड बाहेर काढलं आणि तिच्या मोडक्या हिंदीत त्यांना सांगितलं, की माझे यजमान घरी माझी वाट बघतायत, आणि मी गेल्याशिवाय ते जेवणार नाहीत. साहेब ओशाळले. तो शब्द खोडून त्यांनी हात जोडले.

मग आई माझ्याकडे वळली. "त्यांना सांग, हरवलं लिहू नका. मी हरवलं नाही. गळ्यातून ओढून नेलं. 'गळ्यातून' असं लिहा." आणि माझ्याकडे न बघता, "हरवलं म्हणून सही करून मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी तिचं बोलणं शब्दनशब्द हिंदीत सांगितलं. साहेबांनी नवा कागद घेऊन गुन्हा लिहिला. घरी आल्यावर आईने बाबांना पहिली गोष्ट तीच सांगितली.

बाबा थंडीत गेले. आत्या साताऱ्याहून पुण्याला जाऊन विमानाने आली. इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या चार बायका जमल्या आणि रीतीप्रमाणे आईच्या गळ्यातला दोरा काढायला पुढे झाल्या. आत्याने ते हळकुंड बाबांच्या छातीवर ठेवलं, डाव्या हाताजवळ. मी आईच्या उघड्या गळ्याकडे बघितलं नाही. माझ्याने बघवलं नाही.

आणि उन्हाळ्यात ठाण्यातून फोन आला. दोघं सापडले होते, सोनाराकडचा माल मिळाला होता. आईने ताटातल्या बऱ्याच वाट्यांमधून आपल्या दोन ओळखल्या. माहेरची वाटी एका बाजूने चेपलेली आहे, मी तान्ही असताना चावून चावून चेपली होती. पुढे अर्ज झाला, आणि वाट्या घ्यायला कोर्टात बोलावणं आलं. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आमच्या भागाचे आकडे आले. हिसकावून नेलेल्यांत आई होती, माल परत मिळालेल्यांतही होती. इतकी वर्षं हे रकाने मी तपासत आले, पण बेरीज जुळते का एवढंच बघायची. त्या दिवशी पान उलटवेना. माल परत मिळाला, म्हणे. कुणाला मिळाला, कधी मिळाला, हे विचारायला आमच्याकडे जागाच नाही.

कोर्टात मला धाकधूक होती ती वेगळीच. या वाट्या आता हातात घेऊन आई काय करेल? कारकुनाने अटी वाचून दाखवल्या. खटला संपेपर्यंत विकायचं नाही, मोडायचं नाही, मागू तेव्हा हजर करायचं. मी आईला मराठीत सांगितलं. तिने मान डोलावली, सही केली आणि वाट्या रुमालात घेतल्या.

बाहेर व्हरांड्यात वकील, पोलीस, बेड्या घातलेली माणसं, सगळी गर्दी. आई बाकावर टेकली आणि पर्समधून तिने एक पुडी काढली. तिच्यात काळ्या मण्यांची पोत होती. रस्त्यावर वेचलेले मणी तिने घरी कधीतरी ओवून ठेवले होते. वाट्यांसाठी मधे जागा सोडली होती, मला पत्ता लागू न देता. तिने मधली गाठ सोडली आणि वाट्या ओवल्या, एक माहेरची, एक सासरची.

मी म्हटलं, "आई, अगं, लोक काय म्हणतील? आत्या काय म्हणेल?"

"बायकांनी काढलं ते हळकुंड," आई म्हणाली. "हे मी काढलेलं नाही, आणि तुझ्या बाबांनीही सोडलेलं नाही. गळ्यातून नेलं होतं ना? मग गळ्यातच परत येईल."

तिला मानेमागे गाठ जमेना. मी तिच्या मागे उभी राहिले आणि मानेवरच्या त्या जुन्या वळाच्या वर गाठ मारून दिली.