एका बोटाची गाडी

त्यांचे खरे आडनाव दुसरेच काही होते. पण गल्लीने त्यांना ‘एकबोटे’ ठरवले आणि ते त्यांनी पदवीसारखे मिरवले. कारण हे गृहस्थ मोटार एका बोटाने चालवत. डावा हात मांडीवर लोळतो आहे, उजवी तर्जनी तेवढी स्टेअरिंगच्या चक्राला टेकली आहे, आणि चेहऱ्यावर भाव असा, की विश्वाचा गाडा याच बोटावर चालला आहे!

आणि सज्जनहो, हा मनुष्य कोण? टंकलेखनाचा मास्तर! जन्मभर ज्याने मुलांच्या दहाही बोटांना वळण लावले, एका बोटाने टकटक करणारा दिसला की ज्याची लाकडी पट्टी कडाडली, “कोंबडी दाणे टिपते तसा काय टिपतोस रे?” असे जो गरजला, तोच हा. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आणि स्वतःच्या हाती चक्र येताच नऊ बोटांना सुट्टी!

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी गाडी घेतली आणि ती थेट गॅरेजात नेली.

“स्टेअरिंग लोण्यासारखं पाहिजे,” मास्तर म्हणाले.

गॅरेजवाल्याची जीभ कानशीसारखी. “मास्तर, लोणी पोळीवर बरं. स्टेअरिंग वळवायला मोटर जी मदत करते, ती इतकी वाढवली, तर गल्लीत मजा येईल, हमरस्त्यावर गाडी तरंगेल.”

“तुला विचारलंय का?”

“नाही. करून देतो. बोंबलत याल तेव्हा बघू.”

त्याने गाडीला संगणक लावला आणि मोटरची मदत शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. स्टेअरिंग हलके झाले. मास्तरांचे कान तर आधीपासूनच हलके. पेट्रोल भरताना कोणी उपटसुंभ म्हणाला, “चाकांत हवा ठासून भरा, गाडी वाऱ्यासारखी पळते.” यांनी चाके दगडासारखी टणक करून घेतली. हलक्या कानाला हलके चक्र मिळाले, मग दिशेला धनी कोण?

गल्लीत सारे झकास चाले. हमरस्त्यावर मात्र वेग वाढला की चक्रात जीवच उरत नसे. बोट इकडे जरा हलले की गाडी पट्टा ओलांडी. तिकडे सावरले की दुसऱ्या बाजूला कलंडे. मास्तरांच्या लेखी दोष कोणाचा? रस्ता करणारे चोर, ट्रकवाले गाढव, आणि वाराही बेशिस्त. देवाने दहा बोटे दिली ती जोडली म्हणजे नमस्कार होतो. पण दुसऱ्याचे उणे दाखवायला एकच पुरते, आणि तेच यांचे लाडके.

अशात लेकीच्या पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली. दूरच्या शहरातल्या रुग्णालयातून तिला घरी आणायचे होते. डॉक्टरांनी बजावले होते, हिसका बसता कामा नये. लेक फोनवर म्हणाली, “बाबा, परक्या गाडीत नको. तुम्हीच या ना!” मास्तरांचा ऊर भरून आला.

पत्नीचा आला नाही. तिने पातेले काठोकाठ पाण्याने भरले, मांडीवर घेतले आणि ती गाडीत जाऊन बसली.

“हे काय सोंग?” मास्तरांनी विचारले.

“ही तुमची लेक. चला हमरस्त्याला. पाणी सांडलं, तर मी रुग्णवाहिका बोलावणार.”

“अगं, इतकी वर्षं...”

“चालवा.”

बोट चक्रावर टेकले. वेग चढला. बाजूने एक ट्रक घोंगावत गेला, गाडी थरथरली. मास्तरांनी बोटाने सावरले, ते जास्त झाले. उलट वळवले, तेही जास्त झाले. सारे पातेले पत्नीच्या मांडीवर रिकामे झाले.

निथळत्या लुगड्याकडे न पाहताच ती म्हणाली, “हा पोरीचा कणा होता.”

मास्तरांनी गाडी कडेला घेतली.

“एका बोटाने टायपिंग करणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात हो?”

त्या माउलीच्या हाती पट्टी नव्हती. पण वळ उठला तो थेट काळजावर.

दुसऱ्या दिवशी मास्तर गॅरेजात उभे राहिले.

“या!” गॅरेजवाला म्हणाला. “लोणी वितळलं वाटतं?”

“टोमणे नंतर मार. लेकीला आणायचंय.”

हे ऐकले आणि त्याची कानस थांबली. त्याने आधी चाकांतली हवा गाडीच्या दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याइतकी उतरवली. पुढच्या चाकाचा एक सांधा झिजून ढिला झाला होता, तो बदलला. चाके एका रेषेत आणली. आणि मोटरची मदत मूळ जागी नेऊन ठेवली.

मास्तरांनी चक्र वळवून पाहिले. “जड झालं की!”

“जड नाही झालं. आता हात लावावा लागेल, एवढंच.”

मास्तरांनी हमरस्त्यावर फेरी मारली. चक्राला आता मध्य होता. वळवून सैल सोडले की ते आपले आपण सरळ येत होते. पत्नीने पुन्हा पातेले मांडीवर घेतले. या खेपेला काठावरचे चार थेंब तेवढे उडाले.

“जाऊ या,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर लेक मागे उशांना टेकून, आईच्या खांद्यावर डोके ठेवून निजली होती. एवढ्यात शेजारून एक गाडी भरधाव निघाली. चालवणारा खुशीत होता, आणि चक्रावर त्याची एकच तर्जनी होती!

“कोंबडी!” मास्तर दातओठ खात पुटपुटले.

“हळू, ती उठेल,” पत्नी मागून कुजबुजली. “तुमचाच शिष्य दिसतोय.”

त्या मूर्खाकडे बोट करून पत्नीला दाखवावे, असे मास्तरांना फार फार वाटले. पण दहांतले एकही बोट मोकळे नव्हते.