पोत्याखालचा फिल्टर

आदिलाबादच्या कॉलन्यांमध्ये आम्ही दोघं नवराबायको घरोघर जाऊन गाड्या धुतो. मालवाहू ऑटोत पाण्याची टाकी आणि मशीन असते. बाहेरचं काम हे करतात, आतल्या सीटा आणि चटया माझ्याकडे. आत बसलं की कुणाशी बोलावं लागत नाही.

यंदा दसऱ्यानंतर यांनी वरची कामंही सुरू केली. गाडी धुतली की बॉनेट उघडून बॅटरी साफ करायची, वायपर बदलायचे, हवेचा फिल्टर काळा पडला असेल तर नवा घालायचा. तेव्हापासून टाकीमागं एका पोत्याखाली जुना काळा फिल्टर दिसू लागला.

"हा काऊन ठेवला?" मी विचारलं.

"दुकानात माप दाखवाले."

प्रत्येक गाडीचं माप वेगळं. पण मी पुढं बोलले नाही. रोज सकाळी पोतं उचलून बघायची मात्र सवय लागली.

त्या दिवशी नोकरदारांच्या कॉलनीत एका रिटायर काकांची गाडी होती. त्यांना विचारल्याशिवाय त्या गल्लीत कुणी काम देत नाही. मी मागची सीट पुसत होते. काकांना फोन आला म्हणून ते फाटकापाशी गेले. परतले तर यांच्या हातात काळाकुट्ट फिल्टर.

"मी येईपर्यंत थांबता नाही आलं?" काका म्हणाले. "तिकडं गुडीहत्नूर गावातही हाच दाखवला असेल. सगळ्यांच्या गाडीतून हाच निघते का?"

"नाही काका, तुमच्याच गाडीतला हाय."

"काढताना मी पाह्यला नाही."

ओट्यावरून काकू म्हणाल्या, "धुवाले बोलावलं तर इंजिनात हात घालून राह्यले."

काढताना मीही पाहिला नव्हता. मी यांच्याकडे बघितलं, तर यांनी मान खाली घातली.

"तुमच्या ऑटोत अजून काय काय हाय ते बघतो," म्हणून काका तिकडं निघाले. पोत्याखालचा फिल्टर त्यांना सापडला असता तर ती सगळी गल्ली गेली असती.

मी उतरून यांच्या हातातला फिल्टर घेतला. घड्यांमध्ये कापूस अडकला होता, लाल-पिवळ्या ठिपक्यांचा. बॉनेटखाली फिल्टर बसतो त्या डब्यातही तळाशी तसाच कुरतडलेला कापूस होता.

"काकू," मी म्हणाले. "हे तुमच्या देवाचं वस्त्र का?"

काकू खाली आल्या. "एक ठिपका हळदीचा, एक कुंकवाचा. मीच लावते असे. अख्खा पुडा गेला होता देवघरातून. मी सुनेला बोलली."

काका अर्ध्या वाटेवरून परत फिरले. डब्यात वाकून म्हणाले, "उंदीर हाय. गणपतीचं वाहन. देवाचंच त्यानं नेलं, तू उगाच सुनेले रडवलं."

काकू हसल्या नाहीत. "नवा घाला. पण जुना इथंच राहू द्या. नाहीतर दुसऱ्याच्या दारी माझीच वस्त्रं दाखवाल."

मी तो त्यांच्या ओट्यावर ठेवला.

वाटेत मी यांना सांगितलं, यापुढं मालक समोर असल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही, आणि जुना माल त्यांच्याच घरी ठेवायचा. हे "बरं" म्हणाले. घरी आल्यावर पोत्याखालचा फिल्टर मी भंगारवाल्याला देऊन टाकला. तो कुठं गेला, हे यांनी विचारलं नाही. आता माप कशानं दाखवता, हे मीही विचारलं नाही.

पोतं मी अजून रोज उचलून बघते.