अर्धी दाढी, पुरता अध्याय

संग्रामपूरला बदली होऊन आलो तेव्हा स्टँडसमोरच्या सलूनवाल्याकडे दाढीला बसलो. एका गालावरून वस्तरा फिरला आणि अकरा वाजले. त्याने वस्तरा ठेवला, हात धुतले आणि आरशामागची जुनी पोथी घेऊन वाचायलाच बसला. माझ्या दुसऱ्या गालावर फेस वाळत होता.

"अहो, माझी दाढी?"

त्याने हातानेच थांबा म्हटलं. सुरू केलेला अध्याय मध्येच सोडू नये, हे मलाही ठाऊक होतं. पण अध्याय फारच लांब निघाला.

अखेर पोथीला नमस्कार करून तो उठला. नवा फेस लावत म्हणाला, "दिवाळीत एक गिऱ्हाईक इथं इसरून गेलं, सायब. म्या सहज उघडली. बायको गेली तवापासून देवाशी बोलणं बंद होतं माह्यं. आता रोज बोलतो."

"काय बोलता?"

"म्हणतो, देवा, ज्याची पोथी हाय, त्याले इकडं येऊ देऊ नको."

इतक्यात समोर एसटी थांबली. माणसं उतरू लागली. त्याची नजर दाराकडे गेली आणि वस्तरा माझ्या गळ्यावरच थांबला. शेवटचा माणूस दुकानावरून पुढे जाईपर्यंत मीही मनातल्या मनात तेच मागत होतो.